कंपनीचा माणूस निघून गेल्यावर

माझं काम ड्रोनसोबत जाणारी पुस्तकं लिहिणं. वापराची पुस्तिका, देखभालीची पुस्तिका, सुट्या भागांची सचित्र यादी आणि उड्डाणाआधी मोठ्यानं वाचायचा तो लॅमिनेट केलेला तक्ता. त्याआधी मी भोसरीत कॉम्प्रेसर आणि पॉवर प्रेसची मॅन्युअलं लिहायचे. ती कोणी उघडायचं नाही. मशीन बंद पडलं की थेट कंपनीला फोन. ड्रोनच्या धंद्यात आल्यावर पहिल्यांदा असा वाचक भेटला जो पुस्तक उघडतोच, कारण तो उभा असतो तिथे फोनला रेंज नसते.

मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर आमच्याकडे चार पाहुणे जमले की गाडी ड्रोनवर येतेच. इंजिनिअरिंगची पोरं गॅदरिंगला ड्रोन उडवतात, पुण्या-मुंबईत एवढ्या कंपन्या निघाल्यात, मग सैन्याच्या हातात जायला एवढी वर्षं का लागतात? प्रश्न विचारणाराच उत्तरही देतो: लालफीत. लालफीत आहे, नाही कशाला म्हणू? तिच्या गाठी सोडवण्यातच माझे निम्मे दिवस जातात. पण उद्या ती कुणी कापून टाकली तरी उरलेलं अंतर उरतंच, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी कसोटी साधी आहे. कंपनीचा माणूस लॅपटॉप बॅगेत घालून निघून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते यंत्र उडतं का?

डेमोच्या दिवशी हे कळत नाही. डेमोला कंपनी आपला सगळ्यात तयार पायलट पाठवते. बॅटऱ्या कोऱ्या असतात. वारा पडल्याची खात्री करूनच उड्डाण होतं. शिवाय ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं तो मुलगा मांडीवर लॅपटॉप ठेवून शेजारी बसलेला असतो, काही अडकलं तर दोन ओळी टाइप करून मोकळा होतो. यात फसवणूक काही नाही, सगळे असंच करतात. पण त्या दिवशी हवेत जे उडालं ते ड्रोन अधिक तीन माणसं असं होतं. सैन्य विकत घेतं ते नुसतं ड्रोन.

मग ट्रायल. आपल्याकडे तिला ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ म्हणतात. म्हणजे खर्च सगळा वेंडरचा आणि शब्द कुणाचाच नाही. माणसं, गाड्या, जादा ड्रोन, जादा बॅटऱ्या घेऊन कधी राजस्थानातल्या वाळूत तर कधी लडाखला जायचं. शेवटी ऑर्डर कुणाला तरी एकाला मिळते, ती कमीत कमी किंमत सांगणाऱ्याला. लहान कंपनीचा वर्षाचा नफा एका हिवाळ्यात खलास होतो. मोठ्या गटांना हे परवडतं, आणि म्हणून पुष्कळदा चांगलं यंत्र नव्हे तर दमदार खिसा शेवटपर्यंत टिकतो. हे बोललं की लोक मला डाव्या विचारांची समजतात. असू दे.

लडाखला यंत्राचा माज उतरतो. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असते. पंख्याला धरायला हवाच नाही, म्हणून तो जास्त जोरात फिरतो, म्हणून बॅटरी लवकर संपते, आणि थंडीत बॅटरी मुळातच कमी देते. हे इंजिनिअरांना ठाऊक असतं, त्याचे तक्ते असतात. तक्त्यात नसतं ते वेगळंच. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हात स्क्रीन काळी दिसते. टचस्क्रीनला हातमोज्यातलं बोट कळत नाही. खोलीत मऊ असलेली केबल तिथे काडीसारखी ताठ होते. पुण्यात दोन माणसांनी हसत उचललेली पेटी तिथे चढावर पाठीवर घेऊन जायची असते, आणि ती घेणाऱ्याच्या पाठीवर त्याचं बाकीचं सामानही असतं.

अशाच एका ट्रायलमध्ये साताऱ्याकडचे एक हवालदार होते, अपशिंगे मिलिटरीचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पिढ्यान् पिढ्या घराघरातून माणूस फौजेत गेलेलं ते गाव. मराठी ऐकल्यावर ते मला मॅडमवरून ताईवर आले. पुस्तिका त्यांनी मन लावून वाचली होती, पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाले, “ताई, इथं लिहिलंय, कनेक्टरची कडी दोन बोटांनी दाबून मगच ओढा. हातमोजा घालून दाबली तर दबत नाही. काढून दाबली तर बोट राहत नाही. काय करू सांगा.”

वाक्य बदलून हे सुटणारं नव्हतं. कनेक्टरच बदलायला हवा होता. आणि कनेक्टर बदलणं म्हणजे दुकानातून दुसरा आणून बसवणं नव्हे. लष्करी इलेक्ट्रॉनिक्ससाठी जेएसएस ५५५५५ नावाचं मानक आहे. त्यात थंडी, उष्णता, धूळ, पाऊस, हादरे, कंपन, सगळ्यांतून वस्तू जावी लागते. त्याशिवाय विद्युतचुंबकीय चाचण्या: तुमच्या यंत्रामुळे शेजारचा रेडिओ बिघडतो का, त्याच्या रेडिओमुळे तुमचं यंत्र बिथरतं का. एक कडी बदलली की यातलं बरंच काही पुन्हा करा. चाचणी केंद्रात तारीख मिळवा, रांगेत थांबा. बाहेरून बघणारा म्हणतो, सहा महिने झाले, काहीच हललं नाही. हललेलं असतं. हातमोज्यातून उघडणारी कडी आलेली असते.

माझा स्वतःचा परीक्षेचा दिवस म्हणजे एमईटी. देखभाल करता येते का हे बघणारी ही चाचणी, आणि ती घेते ईएमई, म्हणजे लष्करातली दुरुस्ती-देखभाल करणारी शाखा. त्यांचा एक कारागीर पुस्तक उघडून ठेवतो आणि त्यात लिहिलंय तसं ड्रोन खोलतो. आम्ही मागे उभे. बोलायचं नाही, खुणावायचं नाही. मोटर काढा, बदला, बसवा, वेळ नोंदवा. एकदा अशीच एक मोटर निघाली. यादीत चौदा स्क्रू, टेबलावर पंधरा. कारागिरानं माझ्याकडे बघितलं, मी प्रॉडक्शनच्या मुलाकडे, आणि तो छताकडे. मागच्या लॉटपासून त्यांनी मजबुतीसाठी एक स्क्रू वाढवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेत याला सुधारणा म्हणतात. फौजेत त्याच स्क्रूचा अर्थ असा की आता दोन प्रकारची ड्रोन आहेत, दोन प्रकारच्या सुट्या भागांच्या पेट्या हव्यात, आणि कुठली कुणाची हे पाटी बघितल्याशिवाय कळणार नाही.

हे सगळं आपल्याकडेच घडतं असं समजू नका. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या लष्करी ड्रोनची कथा मी कामाचा भाग म्हणून बारकाईनं वाचली आहे, आणि ती वाचताना बऱ्याचदा गालातल्या गालात हसले आहे.

अमेरिकेचं प्रेडेटर. त्याचं मूळ अब्राहम कारेम या माणसाच्या गॅरेजात आहे. जन्म बगदादचा, इंजिनिअर इस्रायलमध्ये झाला, नंतर लॉस एंजेलिसला जाऊन घराच्या गॅरेजात विमान बनवायला बसला. त्याची कंपनी बुडाली, ती पुढे जनरल अॅटॉमिक्सकडे गेली, आणि त्याच घराण्यातून पुढे प्रेडेटर आलं. जानेवारी १९९४ मध्ये त्याचं कंत्राट निघालं ते एका नव्या योजनेखाली. नेहमीची लांबलचक खरेदी बाजूला ठेवायची, तीस महिन्यांत यंत्र बनवून थेट फौजेच्या हातात द्यायचं, आवडलं तर ठेवायचं. ३ जुलै १९९४ ला पहिलं उड्डाण झालं आणि १९९५ च्या जुलैत ते अल्बानियातल्या ग्यादेरच्या तळावरून बोस्नियावर घिरट्या घालत होतं. एका वर्षात! आपल्याकडे तेवढ्या वेळात फाइलला नंबर पडतो.

पण घाईत काय राहिलं ते बघा. बाल्कनमधला हिवाळा कुणी हिशेबात धरला नव्हता, पंखांवर बर्फ धरायचं. पुढे बारीक छिद्रांतून ग्लायकोल पाझरणारे पंख बनवावे लागले. त्या हिवाळ्याआधी, १९९५ च्या ऑगस्टमध्येच, दोन विमानं गेली होती. आणि जून १९९६ मध्ये प्रयोग यशस्वी ठरवून संपवला तेव्हा हवाई दलाच्या पदरात काय पडलं? थोडीशी विमानं, आणि ‘आता चालवा’ असा आदेश. देखभालीची पुरी पुस्तकं, सुट्या भागांचं नियोजन, माणसं घडवायची पद्धत, यंत्र किती तासांनी काय मागतं याची नोंद. यातलं काहीच त्या तीस महिन्यांच्या चौकटीत मुळी धरलेलं नव्हतं. प्रयोगाचा प्रश्न होता, हे उपयोगी आहे का? उत्तर आलं, हो. हे टिकेल का, असं विचारलंच नव्हतं. नेवाडातल्या इंडियन स्प्रिंग्जला अकराव्या टेहळणी स्क्वाड्रनमध्ये नेमलेले वैमानिक बिचारे लढाऊ आणि मालवाहू विमानं सोडून आलेले. बिनखिडकीच्या खोलीत बसून उडवणं त्यांना उतरतीची पायरी वाटायची. हीसुद्धा एक अडचणच, आणि ती कुठल्याच तांत्रिक अहवालात नीट मावत नाही.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. ऑक्टोबर २००० मध्ये प्रेडेटरची रीतसर परीक्षा झाली. पेंटागॉनमध्ये चाचण्यांवर नजर ठेवणारं स्वतंत्र कार्यालय आहे, त्यांचा अहवाल २००१ च्या शरदात आला: प्रेडेटर युद्धकामासाठी परिणामकारकही नाही आणि योग्यही नाही. पाऊस सोसत नाही, लक्ष्याची जागा पुरेशी अचूक सांगता येत नाही, संपर्काची पंचाईत, भरवसा कमी. आणि त्याच सुमारास, ७ ऑक्टोबर २००१ ला, हेच नापास यंत्र हेलफायर क्षेपणास्त्र घेऊन अफगाणिस्तानवर उडत होतं आणि त्यानं ते डागलंही.

मग खरं कुणाचं? हा प्रसंग सांगून लोक म्हणतात, बघा, चाचणीवाले कसे मूर्ख. मला तसं वाटत नाही. अहवालातला शब्द न् शब्द बरोबर होता. प्रेडेटर सुरुवातीच्या वर्षांत धडाधड पडत होती. तरी ती चालली याचं एक कारण असं की तिथे कंपनीचा माणूस निघून गेलाच नाही. विमानांची देखभाल बरीचशी कंत्राटी माणसांकडेच होती. युद्ध जिथे जाईल तिथे ती जात राहिली. पडलेल्या विमानाच्या जागी नवं येत राहिलं. माझ्या कसोटीला अमेरिकेनं उत्तर दिलंच नाही, पैसे ओतून तो प्रश्न पुढे ढकलला. त्यांना परवडलं. चाचणी कार्यालयाची कसोटी वेगळी होती, आणि ज्याच्या तिजोरीत तेवढं नाही त्याला तीच लागू पडते.

याच अमेरिकेत आधी उलटी चूकही करून झाली होती. अक्विला नावाचं लहानसं ड्रोन, १९७४ च्या सुमाराला सुरू केलं. काम एवढंच: पुढे जाऊन रणगाडा शोधायचा, त्यावर लेझर धरायचा, मागची तोफ गोळा टाकेल. मग एकेकजण येऊन मागणी वाढवत गेला. रात्रीही दिसलं पाहिजे, संपर्कलहरी शत्रूला जॅम करता येता कामा नयेत, आणि हे सगळं त्याच चिमुकल्या धडात बसवा. विकासाचा मूळ अंदाज १२.३ कोटी डॉलरचा. १९८७ मध्ये गाशा गुंडाळला तोवर १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाले होते. चाचण्यांतल्या १०५ उड्डाणांपैकी ७ मध्येच ते ठरलेलं काम पुरं करू शकलं. त्याच काळात, १९८२ मध्ये, इस्रायलनं लेबननच्या बेका खोऱ्यात साधीसुधी ड्रोन वापरून सीरियाच्या क्षेपणास्त्रांचा माग काढला होता. त्यांनी कमी मागितलं आणि मिळेल ते वापरलं.

आता घरचं. निशांतबद्दल लिहिताना हात जरा जड होतो, कारण त्यात आमच्या अहिल्यानगरचाही वाटा आहे. बंगळुरूच्या एडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या वैमानिकी प्रयोगशाळेनं, हे ड्रोन बनवलं. लष्कराची मागणी १९८० च्या दशकाअखेरची, पहिलं उड्डाण १९९५ चं. सुरुवातीला इंजिन परदेशी होतं. पुढे अहिल्यानगरच्या व्हीआरडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या वाहनांच्या प्रयोगशाळेनं, इतर प्रयोगशाळांबरोबर त्यासाठी देशी वँकेल (गोल फिरणाऱ्या रोटरचं) इंजिन बनवलं आणि २००९ मध्ये ते कर्नाटकात कोलारला उडालं. माझ्या माहेरच्या गल्लीत व्हीआरडीईत नोकरीला असलेली माणसं होती. काय बनवतात ते कधी सांगायची नाहीत, पण त्या वर्षी त्यांच्या घरी पेढे आले होते.

निशांतला धावपट्टी लागत नाही. टाट्रा ट्रकवरच्या लाँचरमधून ते फेकलं जातं आणि परत येताना पॅराशूट उघडून खाली येतं, पोटाखालच्या पिशव्यांवर आपटतं. कागदावर फार सोयीचं. पण ३८० किलोंच्या आसपासचं यंत्र, त्यात कॅमेरा, आणि प्रत्येक मोहिमेचा शेवट आपटण्यानं. वारा असेल तर कुठे उतरेल ते वाऱ्याच्या मनावर. २००५ मध्ये लष्करानं १२ मागवली. त्यातली ४ हातात आली आणि नोव्हेंबर २०१५ पर्यंत चारही पडली. उरलेली ८ रद्द. मग नेहमीचं सुरू झालं: एका बाजूनं म्हणायचं यंत्र कच्चं, दुसऱ्या बाजूनं म्हणायचं हाताळणी कच्ची.

हाताळणी कच्ची हे वाक्य मला मान्य नाही. तयार हातांत नीट चालतं आणि नव्या हातांत पडतं, तर मग ते अजून प्रयोगशाळेतच आहे, दारात आणून ठेवलं म्हणून बाहेर आलं असं होत नाही. पण लष्कराचीही बाजू मी पुरती घेणार नाही. चार यंत्रांवर कुठली फौज शिकते? सायकल शिकताना गुडघे फुटतात हे धरून चालतो आपण. प्रेडेटर पडली तशी निशांतही पडली. फरक असा की अमेरिकेकडे पडल्यावर उरलेली विमानं होती. आपल्याकडे चौथं पडलं आणि शिकायला काही शिल्लकच राहिलं नाही. कुणी कुठली चूक केली, कितव्या तासाला काय सैल झालं, पॅराशूटची घडी कोणी कशी घातली, ही माहिती सगळ्यात महाग असते, आणि ती चार विमानांतून गोळा होत नाही.

तापस हे एडीईचंच दुसरं, तासन् तास उंचावर उडणारं मोठं ड्रोन. त्याचं दुखणं निराळं. फेब्रुवारी २०११ मध्ये १,५४० कोटींना मंजुरी, नोव्हेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातल्या चल्लकेरेला पहिलं उड्डाण. मागणी होती ३०,००० फूट उंची आणि २४ तास हवेत. गाठलं ते २८,००० फूट आणि १८ तासांच्या पुढे. वजन ठरल्यापेक्षा बरंच वाढलं होतं, इंजिनं बाहेरची, खर्चही वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात एक विमान शेतात पडलं आणि जानेवारी २०२४ पर्यंत प्रकल्पाचा मिशन मोडचा, म्हणजे खास प्राधान्याचा, दर्जा गेला होता.

त्याआधी, जून २०२३ मध्ये, एक गोष्ट झाली होती तिची बातमी फार छोटी आली. चित्रदुर्गाहून उडालेल्या तापसचा ताबा कारवारपासून १४८ किलोमीटरवर समुद्रात आयएनएस सुभद्रा या जहाजावर बसलेल्या चमूनं हवेतल्या हवेत घेतला. जमिनीवरच्या केंद्रानं सोडलं, जहाजानं धरलं. मला विचाराल तर २८ हजार की ३० हजार यापेक्षा हे मोठं पाऊल होतं, कारण यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. अठरा तास समुद्रावर बघत राहणारं विमान नौदलाला आहे तसं, उणिवांसकट, चार-सहा वर्षं आधीच देऊन टाकायला हवं होतं. बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या आकड्यांशी तुलना करत बसलो आणि मधल्या काळात शेजारचे देश तयार ड्रोन विकत घेऊन मोकळे झाले. आपणही झालो: ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला, सुमारे ३२ हजार कोटींचा.

एमक्यू-९ वरून आठवलं. नव्या मुलींना (आमच्या कामात मुली बऱ्याच आहेत, का ते माहीत नाही) मी शिकवायला सुरुवात करते तेव्हा पहिल्या दिवशी एका अपघाताचा अहवाल वाचायला देते. २५ एप्रिल २००६, अमेरिकेच्या अॅरिझोनात नोगालेसजवळ, मेक्सिकोच्या सीमेवर पहारा करणारं प्रेडेटर बी, म्हणजे एमक्यू-९ चंच दुसरं नाव. ड्रोन लष्कराचं नव्हतं, सीमारक्षकांचं होतं, पण जात तीच. नियंत्रण खोलीत दोन सारखी टेबलं: एकावरून विमान उडवायचं, दुसऱ्यावरून कॅमेरा चालवायचा. आणि गरज पडली तर कुठल्याही टेबलावरून कुठलंही काम करता येईल, अशी मोठी हुशार सोय. वैमानिकाचं टेबल अडकलं. तो दुसऱ्या टेबलावर गेला. तिथे तोवर कॅमेऱ्याचं काम चालू होतं, आणि ज्या दांड्यानं कॅमेऱ्याची आयरिस (आत येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) उघडझाप व्हायची तोच दांडा आता इंजिनाचा झाला. तो होता मागे ओढलेला. इंजिनाच्या भाषेत त्याचा अर्थ इंधन बंद. तक्त्यात लिहिलेलं होतं की टेबल बदलण्याआधी दोन्हीकडचे दांडे जुळवून घ्या. त्या गडबडीत ते झालं नाही. विमान घरंगळत खाली आलं, सुदैवानं कुणाला लागलं नाही.

मुली म्हणतात, वैमानिकानं तक्ता वाचला नाही. मी म्हणते, बरोबर, पण आता सांगा, एकाच दांड्याला दोन अर्थ देणारा कोण? प्रयोगशाळेत ते टेबल ज्यानं बनवलं त्याला दोन्ही अर्थ झोपेतही पाठ असणार. यंत्र त्याच्या हातातून सुटून तिसऱ्याच माणसाच्या हातात, रात्री, थकलेल्या अवस्थेत येणार आहे, हे धरून जो टेबल बनवतो त्यालाच मी पुढच्या पायरीचा इंजिनिअर म्हणते. तक्त्यातली एक ओळ वाढवून खराब रचना झाकायचं काम आमच्याकडे सारखं येतं. दर वेळी भांडावं लागतं.

सगळंच रडगाणं नाही. लहान ड्रोनच्या बाबतीत आपण बरे शिकलो. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जनं, आयआयटी मुंबईतून निघालेल्या मुलांनी, पुण्यात दिघीला असलेल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर नेत्र बनवलं. तेव्हापासून पोलीस आणि निमलष्करी दलांच्या हातांत ते इतकं हाताळलं गेलं की जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या स्विच नावाच्या ड्रोनला लष्कराची सुमारे २ कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली तेव्हा कंपनीपाशी दुसऱ्यांच्या हातांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. नागपूरच्या कारखान्यातून आलेलं नागास्त्र-१ सुद्धा मला याच कारणासाठी आवडतं. पाठीवर नेता येईल असं आत्मघाती ड्रोन, ४८० ची ऑर्डर, जून २०२४ मध्ये १२० चा पहिला लॉट पोहोचला. मोहीम रद्द झाली तर पॅराशूटनं परत आणून पुन्हा वापरता येतं. एकदा उडवून संपणाऱ्या यंत्रावर सराव कोण करणार? परत आणता येतं म्हणून जवानाला ते उडवून बघता येतं. ४८० आणि ४ या आकड्यांत हाच फरक आहे.

हल्ली आणीबाणीची खरेदी जोरात आहे. ३०० कोटींपर्यंतचे करार, माल वर्षाच्या आत. ड्रोनच्या बाबतीत हे ठीकच, कारण इथे तंत्र दोन वर्षांत शिळं होतं आणि युक्रेनमध्ये तर महिन्यांत होतंय. पण घाईत पहिली कात्री कशावर चालते ते मी सांगते: प्रशिक्षणाचे दिवस, सुट्या भागांच्या पेट्या आणि पुस्तक. “मॅडम, डिलिव्हरी होऊ दे, मॅन्युअल मागनं देऊ.” मागनं म्हणजे कधी? ड्रोन पोहोचलेलं असतं, शिकवायला गेलेली आमची दोन पोरं परत आलेली असतात, ज्यांना शिकवलं त्यांची बदली झालेली असते. मग तिसऱ्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ येतो, कुणीतरी मोटर धरून उभं आहे आणि विचारतंय, ही तार कुठली?

त्यात आता चिनी भागांचा विषय. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ४०० मालवाहू ड्रोनचे २३० कोटींचे करार रद्द केले, आत चिनी भाग आहेत म्हणून. निर्णय योग्यच आहे. ज्याचा रेडिओ त्याच्या हातात लगाम, हे फौजेला सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये राजौरी भागात आपलं एक छोटं ड्रोन बिघाडामुळे भरकटून सीमेपलीकडे गेलं होतं, तेव्हापासून सगळेच जास्त सावध आहेत. पण भाग बदलणं म्हणजे काय हे त्या एका कडीवरून ओळखा. नवा रेडिओ जुन्यापेक्षा जरा जड असतो आणि थोडी जास्त वीज खातो. म्हणजे उड्डाणाची मिनिटं कमी, म्हणजे बॅटरी बदला, म्हणजे तोल सरकला, म्हणजे ऑटोपायलटचे आकडे नव्यानं बसवा. मग पुन्हा थंड खोली, पुन्हा कंपनाचं टेबल, पुन्हा लडाख. माझ्याकडे पुस्तकाची नवी आवृत्ती, आणि जुनी पुस्तकं जिथे जिथे गेली तिथून ती परत मागवण्याची पत्रं.

माझ्या सुट्या भागांच्या यादीत यंदा ‘मूळ देश’ असा एक नवा रकाना आला आहे. प्रत्येक चिपपुढे, प्रत्येक कपॅसिटरपुढे, प्रत्येक बेअरिंगपुढे. तो भरायला पुरवठादारांना फोन करते. परवा एकाला विचारलं, हा व्होल्टेज रेग्युलेटर कुठून येतो? म्हणाला, “मॅडम, दिल्लीहून.” दिल्लीला कुठून येतो विचारलं तर म्हणाला, “नेहरू प्लेसहून.” म्हणजे दिल्लीतल्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. नेहरू प्लेसला कुठून येतो म्हटल्यावर फोन कट झाला. त्या रकान्यात नेहरू प्लेस लिहून चालणार नाही, असं मी खरेदी विभागाला लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ट्रायलची तारीख आली आहे.